मांडवीच्या बेटांवर सायकल : चोडण, दिवाडी आणि नार्व्याचा फेरा कसा आखावा

पणजीच्या पूर्वेला मांडवी नदी अनेक फाट्यांनी पसरते आणि तिच्या पात्रात चोडण, दिवाडी, वांशी, जुवे अशी बेटे तयार होतात. या बेटांच्या कडेने कांदळवन आहे, कांदळवनाच्या आत खाजण, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत बांध घालून राखलेली शेती आहे, आणि चोडणच्या पश्चिम टोकाला १९८८ साली घोषित झालेले डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर असले, तरी पक्ष्यांना अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. बेटांवरचे सगळेच खाजण त्यांचे आहे, आणि त्यातल्या बऱ्याच भागातून सायकलला चालण्याजोगा डांबरी रस्ता जातो. गोव्यात सायकल घेऊन येणारे बहुतेक लोक किनाऱ्याच्या रस्त्यांवर गर्दीत अडकतात आणि हा भाग पाहायचा राहून जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. सावंतवाडी, बेळगाव किंवा कोल्हापूरहून शनिवार-रविवारसाठी येणाऱ्यांनाही हा फेरा सहज जमण्यासारखा आहे.

रोड सायकल चालवणारा माणूस सवयीने आधी अंतर आणि चढ पाहतो. इथे अंतर थोडे आहे आणि चढ मोजकेच आहेत. त्यामुळे तेवढेच पाहून निघालेला माणूस दोन तासांत सगळे पालथे घालून परत येतो आणि त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. या भागात मार्ग आखताना तीन गोष्टींची वेळ जुळवावी लागते, ती म्हणजे भरती-ओहोटी, फेरीबोट आणि वारा. यांतली पहिली सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

दिवस कसा निवडावा

मांडवीच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी दोन मीटरच्या आसपास वरखाली होते. भर भरतीला चोडणच्या धक्क्यावर पोहोचलात तर कांदळाच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या दिसतील आणि पक्षी झाडांच्या आड बसलेले असतील. तीच जागा ओहोटीला पाहावी. चिखलाचे पट्टे उघडे पडलेले असतात, त्यांवर निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारत असतात, एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे बिळांच्या तोंडाशी उभे राहून ती नांगी वरखाली करत असतात, आणि त्यांच्यासाठी तुतवार, चिखले, बगळे आणि खंड्या असा सगळा परिवार उतरलेला असतो. म्हणून सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ओहोटी असेल असा दिवस निवडावा.

यासाठी मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे सर्वांत चांगले. ते आधी पाहता आले नाही, तर घरातले पंचांगसुद्धा पुरते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भर भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा आहे आणि गोव्यात भरती त्याहून काहीशी आधी येते, परंतु त्यामागचे तत्त्व तेच राहते. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, आणि भर भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. पौर्णिमा आणि अमावास्येला मांडवीच्या मुखाकडच्या भागात ओहोटी पहाटेच, उजाडण्याआधी होऊन जाते. तिथून द्वितीया ते पंचमीपर्यंतच्या दिवसांत ती सकाळच्या उन्हात येते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोठ्या फेऱ्यासाठी मी याच तिथी सुचवतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही, त्यामुळे चिखलही कमी उघडा पडतो. पंचांगाच्या हिशेबात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री कोष्टक एकदा पाहावेच.

ऋतूचे सांगायचे तर ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम आहे. स्थलांतरित पक्षी या काळात असतात, रस्ते कोरडे असतात आणि सकाळी हवा गार असते. पावसाळ्यात खाजणे हिरवीगार होतात आणि पाहायला अतिशय सुंदर दिसतात, पण रस्त्याच्या कडांना शेवाळ धरते, धक्क्याचा उतार निसरडा होतो आणि नदीला ओढ असताना फेरीबोटीचा भरवसा राहत नाही. काही तारखा मात्र मुद्दाम टाळाव्यात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेराचा उत्सव असतो आणि त्या दिवशी बेटावर पाय ठेवायला जागा नसते. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त ३ डिसेंबरला असते, आणि त्याआधीचे नऊ दिवसही तिथला रस्ता पायी येणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो.

वाऱ्याचा नियम सोपा आहे. कोरड्या ऋतूत सकाळी जमिनीवरून येणारी मंद झुळूक असते. अकरा-बाराच्या सुमारास वारा फिरतो आणि समुद्रावरून, वायव्येच्या बाजूने जोर धरतो. पणजीहून निघाल्यावर जाताना आपण पूर्वेकडे जातो आणि परतताना पश्चिमेकडे, म्हणजे उशीर केला तर दमलेल्या पायांनी उघड्या बांधरस्त्यावर समोरचा वारा आणि डोक्यावरचे ऊन दोन्ही सोसावे लागते. उजाडण्यापूर्वी निघून साडेदहा-अकराच्या आत पणजीत परत यावे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा दिवा आवश्यक आहे.

लहान फेरा : पाटो ते चोडण

ज्याला हा भाग नवीन आहे त्याने आधी हा लहान फेरा करावा. पणजीच्या पाटो भागातून रायबंदरकडे जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांधरस्ता हीच या फेऱ्याची सुरुवात आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या काळात, १६३३-३४ मध्ये, तो बांधला गेला आणि आजही वाहता आहे. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरांची जमीन आणि कांदळवन, आणि मधून सरळ रस्ता. बस आणि मोटारी याच रस्त्याने जातात आणि रुंदी बेताची आहे, त्यामुळे एकामागे एक अशा रांगेतच चालवावे. सरळ रस्ता दिसला की वेग वाढवण्याचा मोह होतो. पण इथे दोन्ही बाजूंना पाणी आहे आणि बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून तो मोह आवरलेला बरा.

रायबंदरला पोहोचल्यावर रस्ता जुन्या घरांच्या मधून, नदीला खेटून जातो. चोडणच्या फेरीचा धक्का याच रस्त्यावर आहे. जुलै २०२५ पासून या मार्गावर मोठ्या रो-रो (वाहने थेट आत चढवता-उतरवता येणाऱ्या) बोटी सुरू झाल्या आहेत, त्यामुळे मोटारींची रांग पूर्वीपेक्षा लवकर हलते. सायकलवाल्याला रांगेचा त्रास तसाही होत नाही, परंतु चढण्या-उतरण्याची शिस्त त्याने पाळायलाच हवी. धक्क्यावर पोहोचण्यापूर्वीच सायकलवरून उतरावे. ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या उताराचा खालचा भाग उघडा पडलेला असतो, त्यावर हिरवा थर असतो आणि त्यापुढे बोटीची ओली लोखंडी फळी असते. क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारी टणक पट्टी, लावलेले बूट या दोन्हींवर हमखास घसरतात. पाय आडवे टाकत, सायकल नदीच्या बाजूला न धरता आतल्या बाजूला धरून, मोटारी चढून झाल्यावर चढावे. बोटीत कठड्याला सायकल टेकवून हाताने धरून ठेवावी. उतरताना मात्र दुचाकी आणि मोटारी सुटतात तेव्हा घाई करू नये; त्या सगळ्या पुढे गेल्या की चोडणचा रस्ता जवळजवळ तुमचा एकट्याचा असतो.

अभयारण्याचे प्रवेशद्वार चोडणच्या धक्क्याला लागूनच आहे. आतली वाट कांदळवनातून जाणारी, चालण्याची आहे. सायकल बाहेर कुलूप लावून ठेवावी, वनखात्याचे तिकीट घ्यावे आणि पायी जावे. सकाळच्या वेळी तिथे तासभर तरी ठेवावा. कांदळाची खोडावरून खाली उतरलेली कमानीसारखी मुळे आणि तिवराची चिखलातून वर आलेली, बोटभर उंचीची, श्वास घेणारी मुळे ही दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. पाण्याला कोण किती जवळ उभे राहू शकते, हे त्यावरून कळते. काळ्या टोपीचा खंड्या आणि बांड्या खंड्या हे इथे चांगले दिसतात, आणि पांढऱ्या डोक्याची, तांबूस अंगाची ब्राह्मणी घार तर नदीवर सतत घिरट्या घालत असते.

अभयारण्यातून बाहेर आल्यावर सायकल पुन्हा घेऊन गावाकडे निघावे. हा रस्ता आधी कांदळवनातून आणि मग खाजणातून जातो. माझ्या मते साऱ्या फेऱ्यातला हा सर्वांत सुंदर तुकडा आहे आणि तो ताशी पंधरा किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चालवू नये. वाटेत बांधाला मानस दिसेल तिथे थांबून तो नीट पाहावा. मानस म्हणजे बांधातून पाणी आतबाहेर करणारे दार. लाकडी फळ्यांची झडप अशी बसवलेली असते की भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की ती आपोआप मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतातले जादा पाणी नदीत जाते. कोणतेही यंत्र नाही, कोणी माणूस दर भरतीला येऊन दार लावत नाही. ओहोटीला पाणी बाहेर पडते तिथे जाळे लावून मासळी आणि कोळंबी धरली जाते. पावसाने जमिनीतला खारटपणा धुऊन गेल्यावर याच शेतांत कोरगुट नावाचा, खारे पाणी सोसणारा उंच भात होतो. गावकऱ्यांनी बांध राखले म्हणून ही शेते टिकली, आणि बांध फुटला की काही भरत्यांत शेत खारे होते. सायकलस्वाराने एवढे लक्षात ठेवले तरी तो बांधाच्या मातीच्या कडेवरून सायकल घालणार नाही. पाऊस संपल्यानंतरच्या ओल्या बांधावर चाकाची खाच पडली की पाणी तिथूनच वाट काढते.

चोडणच्या गावात सेंट बार्थोलोम्यू चर्चपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत फिरावे. पाटोपासून पाटोपर्यंत हा फेरा वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत बसतो आणि थांबे धरून साडेतीन ते चार तास लागतात. रविवारी सकाळी मिसाच्या वेळी चर्चच्या परिसरात माणसे पायी येत-जात असतात. तिथून सावकाश जावे.

मोठा फेरा : चोडण, मये, नार्वे आणि दिवाडी

ज्यांना चाळीस-पन्नास किलोमीटर चालवण्याची सवय आहे त्यांनी चोडणहून परत न फिरता पुढे जावे. चोडण हे उत्तरेकडून डिचोली तालुक्याशी रस्त्याने जोडलेले आहे. त्या बाजूने मयेला पोहोचावे, मये तलावाजवळ पाणी भरून घ्यावे आणि नार्व्याकडे वळावे. इथे पाणथळ जमीन मागे पडते आणि जांभ्या दगडाच्या टेकड्या सुरू होतात. साऱ्या फेऱ्यातले चढ बहुतेक याच पट्ट्यात आहेत; ते लांब नाहीत, पण सपाट रस्त्यानंतर अचानक येतात, त्यामुळे आधीच हलका गिअर घालून ठेवावा. डिचोली तालुक्यात खनिजाची वाहतूक चालू असेल तर मोठे ट्रक आणि रस्त्यावर बारीक लाल धूळ या दोन्हींची अपेक्षा ठेवावी. वळणावर त्या धुळीत पुढचा ब्रेक जोरात दाबू नये.

नार्व्याला श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे, आणि मराठी माणसाने ते चुकवू नये. कदंब राजांचे हे दैवत मुळात दिवाडी बेटावर होते. १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांनी तिथले देऊळ पाडले, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणले गेले, आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळावरचा शिलालेख त्याची साक्ष देतो. अलीकडच्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले आहे. सायकलचे तंग कपडे घालून गाभाऱ्यापर्यंत जाणे बरे दिसत नाही. पाठीवरच्या पिशवीत एक हलकी लुंगी किंवा पातळ पँट ठेवली तर अडचण येत नाही.

देवळापासून नार्व्याचा धक्का जवळ आहे. तिथून फेरीने दिवाडीवर उतरले की देव ज्या वाटेने आला त्याच्या उलट दिशेने आपण जात असतो. या फेरीवर गर्दी कमी असते आणि बोटीही रायबंदरइतक्या वारंवार सुटत नाहीत, म्हणून मोठ्या फेऱ्याचे वेळापत्रक आखताना नार्व्याला अर्धा तास राखून ठेवावा. बोट पलीकडे उभी दिसली तर चालकाला हाका मारू नयेत. तिची वेळ झाली की ती येते.

दिवाडी पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडताना आधी सपाट खाजण, मग मधली टेकडी आणि पुन्हा सपाट खाजण लागते. टेकडीवर पियेदादचे चर्च आहे. चढ आखूड आहे, पण माथ्यावरून बेटाचा सगळा नकाशा समोर दिसतो, आणि भरती-ओहोटी, बांध, शेते, कांदळवन हे सारे एकमेकांशी कसे जोडलेले आहे ते तिथे समजते. चर्चजवळच्या दफनभूमीत कदंब काळातल्या जुन्या देवळाचा कोरीव भाग एका छोट्या प्रार्थनास्थळाच्या रूपाने उरला आहे. तो शांतपणे, बाहेरच्या बाजूने पाहावा. गोलती आणि नावेलीकडच्या शेतांत उंच पायांचा, टकल्या डोक्याचा क्षत्रबलाक दिसण्याची शक्यता असते. तो दिसला तर रस्त्यावरच थांबावे आणि शेतात उतरू नये. माणूस रस्त्यावर आहे तोवर पक्षी सहसा सावरून उभा राहतो, आणि बांधावर पाय पडला की उडतो.

दिवाडीहून बाहेर पडायला दोन फेरीबोटी आहेत. एक थेट रायबंदरला नेते; वारा सुटायची वेळ जवळ आली असेल तर तीच घ्यावी. दुसरी जुन्या गोव्याला, व्हाइसरॉयच्या कमानीजवळ उतरवते. वेळ हाताशी असेल तर ही दुसरी घ्यावी, कारण तिथून करमळीचे तळे जवळ आहे. करमळी रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या या गोड्या पाण्याच्या तळ्यावर अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी आणि हिवाळ्यात तलवार बदके असतात. इथे भरती-ओहोटीचा संबंध नसल्यामुळे ते फेऱ्याच्या शेवटी ठेवणेच सोयीचे. परत पणजीकडे येताना कदंब पठारावरून जाणाऱ्या महामार्गाऐवजी नदीकाठचा जुना, रायबंदरवरून जाणारा रस्ताच धरावा.

कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला फेरा वाढवण्याचा विचार असेल तर एक सूचना आवर्जून पाळावी. त्या कालव्यात मगरी आहेत. हात-पाय धुवायला किंवा बाटली भरायला कोणत्याही बांधावरून पाण्यापर्यंत उतरू नये.

सायकल आणि सामान

रोड सायकल या रस्त्यांना चालते, पण २३ मिलिमीटरच्या टायरांनी येऊ नये. २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवून, जांभ्याच्या खड्यांवर आणि गावांतल्या गतिरोधकांवर पुष्कळ बरे पडतात. बेटांवर सायकल दुरुस्तीचे दुकान मिळेल असे धरून चालू नये. दोन ट्यूब, पंप, टायर उचलायच्या पट्ट्या आणि साखळीचा जोड जवळ असावा. पाण्याच्या दोन बाटल्या पणजीतूनच भरून घ्याव्यात. फेरीसाठी आणि तिकिटासाठी सुटे पैसे ठेवावेत. दुर्बीण न्यायची असेल तर लहान, आठ पट मोठे दाखवणारी न्यावी आणि ती पाठीवर आडवी बांधावी, म्हणजे चालवताना ती छातीवर आदळत नाही. चार-पाचपेक्षा जास्त जणांचा गट करू नये. फेरीत जागा अडते आणि खाजणात बोलण्याचा आवाज फार लांबपर्यंत जातो.

रेल्वेने सायकल आणणाऱ्यांनी ती पार्सलने मडगावला उतरवून घेणे सोयीचे पडते. करमळीला गाड्या थांबतात, परंतु तो थांबा थोड्या वेळाचा असतो.

परत आल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवावी. खारी हवा आणि फेरीच्या धक्क्यावरचे खारे पाणी साखळीत, ब्रेकच्या स्क्रूंमध्ये आणि क्लीटच्या खिळ्यांमध्ये बसते आणि दोन दिवसांत तिथे गंज दिसू लागतो. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नये; ओल्या फडक्याने पुसून, साखळी उलटी फिरवत कोरडी करून, मग प्रत्येक कडीला एक थेंब याप्रमाणे तेल घालावे आणि जादा तेल पुसून काढावे. बुटांचे क्लीट सोडवून त्यांचे स्क्रू वेगळे धुवून, थोडे ग्रीस लावून पुन्हा बसवले, तर पुढच्या वेळी ते जागच्या जागी अडकून बसत नाहीत.